वडिलांचं कार्ड आईला का चालत नाही?

सातारा जिल्ह्यातून एका भगिनीचं सविस्तर पत्र आलंय. त्यातला गाभा असा:

"वडील ७४ वर्षांचे, एमआयडीसीतल्या कारखान्यातून २०११ साली निवृत्त झाले. आई ६८ वर्षांची. धाकटा भाऊ ३९चा, त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीलचेअरवर असतो, बोलायला त्रास होतो, पण समजतं सगळं. मी लग्न होऊन चार घरं पलीकडे राहते, त्यामुळे दवाखान्याची धावपळ माझ्याकडेच. वडिलांचं सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता घराला पाच लाखांचं कवच मिळालं. चारच महिन्यांत आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. वडिलांचं कार्ड घेऊन गेले तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, 'हे यांना चालणार नाही.' बिल झालं दोन लाख दहा हजार. आईवडिलांची मिळून तीन लाखांची खासगी पॉलिसी आहे, बारा वर्षं हप्ते भरतोय. तिच्यातून एक लाख सव्वीस हजार मिळाले. खोली महागाची घेतली म्हणून कापले म्हणे. हप्ताही तीन वर्षांत २८ हजारांवरून ४९ हजारांवर गेलाय. भाऊ तर कशातच नाही, दोन कंपन्यांनी फोनवरच नकार दिला. आता वडिलांकडे सरकारी कार्ड आहे, तर पॉलिसी बंद करू का? आणि घरातले तिघंही ज्यात बसतील असं एखादं कार्ड आहे का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमच्या घरापुरतं बोलायचं तर हक्क आहेत, पण ते एका कार्डावर मावणारे नाहीत. पॉलिसी लगेच बंद करू नका. का, ते पुढे सांगते.

खिडकीवरच्या मुलानं तुम्हाला चुकीचं सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं. 'हे कार्ड यांना चालणार नाही' याच्यापुढे 'यांचं रेशन कार्ड आणलंय का?' हे एवढं एक वाक्य त्यानं बोलायला हवं होतं. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. न बोललेल्या अशा एका वाक्यापायी लोकांनी दागिने गहाण टाकलेले पाहिलेत.

तुम्हाला घर एक दिसतं. कायदे आणि योजना यांना ते एक दिसत नाही. प्रत्येकाची 'कुटुंबा'ची व्याख्या निराळी, 'म्हातारपण' सुरू होण्याचं वयसुद्धा निराळं. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा २००७चा कायदा आहे, त्यात साठी ओलांडली की माणूस ज्येष्ठ. सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या रुग्णालयांत ज्येष्ठांना वेगळी रांग आणि शक्य तितके बेड द्यावेत, असं त्याचं कलम २० म्हणतं. म्हणजे रांगेत तुमची आई ज्येष्ठ आहे. पाच लाखांच्या कार्डासाठी मात्र तिला ज्येष्ठ व्हायला अजून दोन वर्षं आहेत.

वडिलांच्या कार्डाचं नाव 'आयुष्मान वय वंदना'. मूळ आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ची, तिच्यात यादीतली गरीब कुटुंबं होती. सत्तरी पूर्ण केलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, तिच्यात घ्यायचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४मध्ये घेतला आणि २९ ऑक्टोबर २०२४ला तो अमलात आला. वर्षाला पाच लाख रुपये, पण फक्त सत्तरीपुढच्यांसाठी. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर पाच लाख दोघांत मिळून. दोन वर्षांनी आईची नोंदणी होईल तेव्हा तिचे वेगळे पाच लाख नसतील, वडिलांच्याच पाचात ती येईल. वय मोजतात आधार कार्डावरून, त्यामुळे तिच्या आधारवर जन्मतारीख बरोबर आहे ना, ते आजच पाहून ठेवा. आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या बायकांचा जन्म १ जून किंवा १ जानेवारीचा असतो, हे तुम्हालाही माहीत आहे!

या कार्डाची जमेची बाजू मोठी आहे. मधुमेह असो, रक्तदाब असो, जुना हृदयविकार असो, पहिल्या दिवसापासून सगळं धरलं जातं, थांबण्याचा काळ नाही. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळतं. पण हे भरती झाल्यावरचं कार्ड आहे. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच काय तो त्याचा पसारा. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी त्यात नाही. महिन्याच्या गोळ्या, घरी येणारी फिजिओथेरपिस्ट, डायपर, रात्रीची बाई, यांतलं काहीच नाही. म्हातारपणाचा खर्च बहुतेक याच गोष्टींवर होतो आणि त्यावर कुणीच कवच धरलेलं नाही. 'आता घराला पाच लाख आहेत' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेलं नसतं.

(वडिलांचं कार्ड विनासायास निघालं असेल तर तुम्ही नशीबवान. माझ्या सासूबाईंच्या बोटांचे ठसे मशीन काही केल्या घेईना, आयुष्यभर भांडी घासून रेषाच उरल्या नव्हत्या. केंद्रावरच्या पोरानं तीनदा परत पाठवलं. शेवटी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून दोन मिनिटांत काम झालं. आईच्या वेळी तसं झालं तर ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा. आणि मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, तो आत्ताच जोडून घ्या.)

आता आईचं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली, नाव बदललं. बरीच वर्षं ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांचीच आणि दीड लाखांची समजली जायची, आणि बऱ्याच लोकांच्या डोक्यात अजून तीच बसलेली आहे. पण १ जुलै २०२४पासून तिचं कवच कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झालंय आणि पांढऱ्या कार्डासकट सगळे रेशन कार्डधारक, तसंच अधिवास प्रमाणपत्र असलेली कुटुंबं तिच्यात आली आहेत. इथं कुटुंब म्हणजे रेशन कार्डावरची नावं. वय विचारत नाहीत, उत्पन्न विचारत नाहीत. आईचं नाव कार्डावर असणार, म्हणजे ती पडली त्या दिवशीही ती या योजनेत होती!

आता हळहळून उपयोग नाही, ती योजना बिनपैशाच्या उपचाराची आहे, आधी भरून मागून परत मिळवायची सोय तिच्यात नाही. पण पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. योजनेत नोंदलेल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. डिपॉझिट भरायच्या आधी त्याला गाठायचं आणि दोनच गोष्टी विचारायच्या: हा उपचार योजनेच्या यादीत आहे का, आणि तो या रुग्णालयात होतो का? कारण काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत, आणि एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असतं पण हृदयासाठी नसतं. आरोग्यमित्र जागेवर नसेल तर १५५३८८ हा राज्य योजनेचा क्रमांक, आयुष्मानसाठी १४५५५. यादीतल्या उपचाराला वर पैसे मागितले तर पावती मागा, तक्रारीच्या वेळी तीच कामाला येते. आणि रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर तिथल्या समाजसेवा विभागातही जाऊन या. राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्यातल्या कलम ४१ कक प्रमाणे अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्न येतो, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

तुमच्या पत्रातल्या 'एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त' या शब्दांवर मी दोनदा बोट ठेवलं. वडिलांच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे पैसे कापले जायचे का? हा विमा १९४८च्या कायद्यानं आला, नोव्हेंबर २०२५पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ताई, योजना आणि कायदा यांत फरक असतो. योजनेचा निकष मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत बदलू शकतो, कायद्यातला हक्क बदलायला तसं सहज जमत नाही. या कायद्याखालच्या नियमानुसार, निदान पाच वर्षं विमित (म्हणजे ईएसआयची कपात होणारी) नोकरी करून जो माणूस वयोमानानं निवृत्त होतो, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंसुद्धा त्यात येतात, जी वय वंदना कार्डात नाहीत. महिन्याला दहा रुपये! निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातून नारळ आणि शाल मिळते, हे सांगायला कुणी जात नाही.

एक अट मात्र तपासा. त्या वेळी ईएसआयला पगाराची मर्यादा १५ हजार होती. वडिलांचा पगार त्याच्यापुढे गेल्यामुळे निवृत्तीच्या आधीच कपात थांबली असेल, तर निवृत्तीच्या वेळी ते विमित राहिले नसतील आणि मग हे अवघड होईल. जुनी पगारपत्रकं, ईएसआयची पुस्तिका किंवा विमा क्रमांक यांतलं जे सापडेल ते घेऊन शाखा कार्यालयात जा.

याच कायद्यात तुमच्या भावाशी संबंधित एक गोष्ट आहे, ती वाचताना मला दरवेळी खटकते. 'कुटुंब' म्हणजे कोण, हे सांगताना कायदा म्हणतो की शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे विमित माणसावर पूर्णपणे अवलंबून असलेलं मूल, ते व्यंग आहे तोवर, कुटुंबातच धरायचं. वयाची अट नाही. म्हणजे वडील कामावर होते तोवर तुमचा भाऊ या विम्यात होता, पंचविशीतही. आणि ज्या दिवशी वडील निवृत्त झाले त्या दिवशी तोही निवृत्त झाला, कारण १२० रुपयांच्या सोयीत फक्त नवराबायको येतात. वडिलांचं वय झालं म्हणून मुलाचं व्यंग काही संपत नाही, पण नियम तसाच आहे.

तेव्हा भावाचं सगळं वेगळं उभं करावं लागेल. पहिलं म्हणजे रेशन कार्डावर त्याचं नाव आहे का, ते पाहा. हसू नका. माझ्याकडे आलेल्या कितीतरी घरांत दिव्यांग मुलाचंच नाव कार्डावर नसायचं, कधी विसरून, कधी 'त्याला कशाला' म्हणून, कधी आधारचे ठसे नीट आले नाहीत म्हणून. नाव असेल तर महात्मा फुले योजनेत तो आजही आहे. देशपातळीवरच्या मूळ आयुष्मान यादीत ग्रामीण भागासाठी दिव्यांगांचा एक निकष होता, पण कसा? घरात दिव्यांग सदस्य आहे आणि धडधाकट प्रौढ कुणीच नाही, असं घर. म्हणजे व्हीलचेअर ढकलायला घरात कुणी उरलं असेल तर दिव्यांगत्व हिशेबात येत नाही. हा निकष २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतून आलेला. निदान महाराष्ट्रात रेशन कार्डानं ती भानगड मिटवली, हे मान्य करायला हवं.

दुसरं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. जुनं अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तरी ते यूडीआयडीत करून घ्या. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७पासून लागू झाला, त्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. तपासणी जिल्हा रुग्णालयात होते, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलं की पुढच्या बहुतेक सवलतींची दारं उघडतात.

तिसरं, 'निरामय'. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणजे कुणी सांगितलेलं नाही. राष्ट्रीय न्यास हा १९९९च्या कायद्यानं उभा राहिलेला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांसाठी. त्याच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वर्गणी अगदी थोडी. मला तो आवडतो तो एकाच कारणासाठी: यात नुसती भरती नाही, बाह्यरुग्ण उपचार, औषधं आणि थेरपीसुद्धा येते. प्रत्येकाची आतली मर्यादा ठरलेली असते, आणि पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं लावून मागायचे. म्हणून फिजिओथेरपीची साध्या चिठ्ठीवरची पावती चालवून घेऊ नका, नोंदणी क्रमांक, तारीख, शिक्का असलेलीच घ्या. नोंदणी राष्ट्रीय न्यासाशी संलग्न संस्थेमार्फत होते. कवच ३१ मार्चला संपतं आणि दरवर्षी नवं करावं लागतं, ते विसरलं की वर्ष वाया.

चौथी गोष्ट त्या फोनवरच्या नकारांची. डिसेंबर २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नोकरदार माणसाचं प्रकरण आलं, त्याला आरोग्य विमा नाकारला होता. न्यायालयानं विमा नियामकाला सांगितलं की दिव्यांगांसाठी पॉलिसी हवी. त्यानंतर फेब्रुवारी २०२३मध्ये नियामक प्राधिकरणानं सगळ्या सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी पॉलिसी ठेवणं बंधनकारक केलं. तेव्हा फोन करू नका, अर्ज करा. फोनवरच्या नकाराला पुरावा नसतो. लेखी अर्ज गेला की त्यांना लेखी कारण द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकता येते. पॉलिसी मिळाली तरी स्वस्त मिळेल अशी आशा धरू नका. हप्ता जास्त असेल, सुरुवातीचा थांबण्याचा काळ असेल, बिलातला काही हिस्सा कदाचित तुम्हाला भरावा लागेल. महात्मा फुले योजना आणि निरामय जागेवर असतील तर ही पॉलिसी घ्यायची की नाही, हे आकडे हातात आल्यावर ठरवा.

२०१६च्या कायद्याच्या कलम २४मध्ये एक वाक्य आहे: ज्या दिव्यांगांना ईएसआय किंवा दुसरी सरकारी विमा योजना लागू नाही, त्यांच्यासाठी सर्वसमावेशक विमा योजना करावी. जास्त आधाराची गरज असलेल्यांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. वाचून बरं वाटतं. पण कलमाच्या सुरुवातीलाच 'आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत' असे शब्द आहेत आणि सरकारला आडोसा म्हणून ते पुरतात. २०१५ साली 'स्वावलंबन' नावाची दिव्यांगांसाठी दोन लाखांची विमा योजना निघाली होती, ती पुढे बंद पडली. कलम २५ मात्र नेमकं बोलतं: रुग्णालय सरकारी असो की खासगी, सगळ्या भागांत अडथळ्याविना जाता आलं पाहिजे आणि तपासणी-उपचारात दिव्यांगांना प्राधान्य मिळालं पाहिजे. पत्रात तुम्ही लिहिलंय की भावाला दातांसाठी नेलं तेव्हा लिफ्ट बंद होती आणि दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर नेलं. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. ती गैरसोय नव्हती ताई, कायद्याचा भंग होता. आधी रुग्णालयाला लेखी कळवा, तारीख टाकून. उत्तर आलं नाही तर दिव्यांग कल्याणासाठीचं राज्य आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथं अर्ज करता येतो.

तुमच्या पत्रात आई काय म्हणते ते आहे, वडील काय म्हणतात ते आहे, वहिनीच्या भावाचं मतसुद्धा आहे. ज्याला 'समजतं सगळं' तो काय म्हणतो, ते कुठंच नाही. उद्या कुणीतरी सांगेल की त्याचं 'कायदेशीर पालकत्व' काढा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती ते देते, समितीत एक सदस्य दिव्यांग असावा लागतो. काही घरांना त्याची खरंच गरज असते, कारण अठरा पूर्ण झाली की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. पण ज्याचं बोलणं अडखळतं आणि विचार अडखळत नाही, त्याच्यावर पालक नेमायची घाई करू नका. २०१६चा कायदा मर्यादित पालकत्व सांगतो, त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. त्याचं खातं त्याच्या नावावर, अंगठा किंवा सही त्याची, आणि निरामयचा अर्ज त्याच्यासमोर बसून भरा.

राहिली पॉलिसी. बंद का करू नये? बारा वर्षं सलग भरलेल्या पॉलिसीचं मोल हप्त्यापेक्षा जास्त असतं. साठ महिने सलग झाले की 'तुम्ही आजार लपवला' असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय. आधी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४मध्ये पाचावर आली. पॉलिसी सोडली आणि दोन वर्षांनी परत घ्यावीशी वाटली तर हे सगळं पहिल्यापासून, शिवाय जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबणं. आता ६५ वर्षांपुढे नवी पॉलिसी घेता येत नाही असं राहिलेलं नाही, पण आईच्या खुब्यानंतर ती कुठल्या भावात मिळेल याचा विचार करा.

पण आहे तशीही ठेवू नका. ही दोघांची मिळून फ्लोटर पॉलिसी आहे, आणि फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर बसतो. म्हणजे ६८च्या आईसाठीसुद्धा तुम्ही ७४चा भाव देताय. वडिलांकडे आता वय वंदना आहे. नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी कंपनीला पत्र द्या की दोघांच्या पॉलिस्या वेगळ्या करायच्या आहेत, आजवरचं सातत्य कायम ठेवून. 'सातत्य' हा शब्द पत्रात असू द्या. मग आईची चालू ठेवा. वडिलांची ठेवायची का, हे एका गोष्टीवर ठरेल: त्यांना ज्या आजाराची भीती आहे त्याचा उपचार आयुष्मानवर तुमच्या आवाक्यातल्या कुठल्या रुग्णालयात होतो? तिथं प्रत्यक्ष जाऊन आरोग्यमित्राशी बोला. होत असेल तर त्यांची पॉलिसी कमी रकमेची करा किंवा एका वर्षाच्या अनुभवानंतर सोडा. होत नसेल तर कार्ड खिशात असूनही उपयोग नाही.

हप्त्याबद्दल दोन गोष्टी. ३० जानेवारी २०२५ला नियामकानं सांगितलंय की साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. नूतनीकरणाच्या तीन वर्षांच्या नोटिसा समोर ठेवून पाहा, त्या तारखेनंतरच्या वाढीत दहाची रेघ ओलांडली असेल तर लेखी विचारा. आणि २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही. आधी तो १८ टक्के होता. नव्या नोटिशीत तो दिसता कामा नये.

शेवटी आईचा क्लेम. तुम्ही जोडलेला हिशेब मी पाहिला. तीन लाखांच्या पॉलिसीला खोलीभाडं दिवसाला एक टक्का, म्हणजे तीन हजार. तुम्ही घेतलेली खोली पाच हजारांची. तीनाला पाचानं भागलं की साठ टक्के. आणि दोन लाख दहा हजारांचे साठ टक्के? बरोबर एक लाख सव्वीस हजार. म्हणजे कंपनीनं डोकं न चालवता अख्ख्या बिलाला साठनं गुणलंय. तसं करता येत नाही. खोलीच्या प्रमाणात कपात होते ती डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह असल्या 'संलग्न' खर्चांवर. औषधं आणि साहित्य, इम्प्लांट (शरीरात बसवलेला कृत्रिम भाग), तपासण्या यांना ती लावता येत नाही, २०२०च्या निर्देशांपासून पॉलिसीच्या व्याख्येतच तसं असतं. तुमच्या बिलात इम्प्लांट ६२ हजार, औषधं-साहित्य ३१ हजार, तपासण्या १२ हजार, मिळून एक लाख पाच हजार. त्यातले चाळीस टक्के, म्हणजे ४२ हजार रुपये तुमचे आहेत. पॉलिसीत इम्प्लांटवर वेगळी मर्यादा नाही ना, एवढं आधी पाहून घ्या.

कंपनीच्या तक्रार विभागाला हे तीन आकडे लिहून पाठवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, पण त्या नकारानंतर वर्षाच्या आत गेलं पाहिजे. खुब्याच्या सांध्याचं चिकटवलेलं स्टिकर डिस्चार्जच्या फाइलमध्ये असेल, त्याची झेरॉक्स जोडा.

वडिलांची ईएसआयची पुस्तिका सापडली तर तिच्यावरची कपात थांबल्याची तारीख मला कळवा, पुढचं त्यावरून सांगते.